बोथट साखळीचं दुखणं

अध्यक्षांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. विषय पत्रिकेत छापलाय तोच, झाडावरच्या कामात तीस वर्षं धडधाकट कसं राहावं. त्यावर मी बोलणार आहे. पण सुरुवात कानशीपासून, म्हणजे साखळी-करवतीच्या दातांना धार लावायच्या अवजारापासून करू द्या.

ज्यांच्या पिशवीत आत्ता गोल कानस आहे त्यांनी हात वर करा. सात. सभागृहात साठेक माणसं असतील. आता, हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, न घालता चढणार नाही असे किती? सगळेच. ही शिस्त आपण कमावली आहे, आणि तिचा मला मनापासून आनंद आहे. पण माझ्याबरोबर ज्यांनी काम सुरू केलं, त्यांच्यातला फक्त एक जण पडल्यामुळे कामातून गेला. बाकीच्यांना खांद्यानं, मनगटानं, कानानं एकेक करून खाली उतरवलं. पडण्याची भीती आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. करवतीच्या कंपाची मात्र शिकवावी लागते.

माझं नववं वर्ष होतं. ज्यांच्याकडे होतो तिथे धार लावण्याचा वेळ कामात धरत नसत. इंजिन चालू म्हणजे काम, कानस हातात म्हणजे आराम, असा हिशोब. साहजिकच आम्ही साखळी बोथट झाली तरी रेटत राहायचो. करवत चावत नाही म्हणून दाबायचो, दाबायचं म्हणून मूठ आवळायचो. जो ओंडका दोन मिनिटांत उतरावा त्याला पाच लागायची. त्या थंडीत सकाळी माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं मेणासारखी पांढरी पडू लागली. रक्त परतताना आग व्हायची. एका सकाळी मला शर्टाचं बटण लावता येईना. काज सापडतंय, बटण हातात आहे, पण ते बोटांना कळतच नाही. माझी सहा वर्षांची मुलगी शाळेला निघाली होती. ती दप्तर खाली ठेवून आली आणि तिनं सगळी बटणं लावून दिली, अगदी वरचंसुद्धा, जे मी कधी लावत नाही. कामावर पोचेपर्यंत मी ते उघडलं नाही.

हे दुखणं नवं नाही. १९१८ साली अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाई अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींवर गेल्या. तिथले पाथरवट हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरत. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडत, आणि ज्या हातात छिन्नी धरलेली असे त्या हाताची जास्त. छिन्नीच्या जागी करवतीची मूठ आली, एवढाच फरक. कंपानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नसा दुखावतात. वेळेत ओळखून कंप कमी केला तर पांढरेपणा ओसरू शकतो. नसांचं नुकसान मात्र बहुधा भरून येत नाही. म्हणून बटणाची वाट बघू नका. काम संपल्यावर वीस मिनिटांनीही बोटांत मुंग्या असतील, तर तिथेच थांबून विचारपूस करा.

आता माझ्या लाडक्या अळीची गोष्ट सांगतो. १९४६ साली ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. एका बुंध्यात त्याला लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी दिसली. ती सरळ पुढे खात नव्हती. तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे चालत होते, आणि ओलं असो वा वाळकं, लाकूड आडवं-उभं सहज कापलं जात होतं. त्याआधीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे ओरबाडायचे आणि सारखी धार मागायचे. कॉक्सनं त्या जबड्यांचा आकार लोखंडात उतरवला, आणि १९४७ मध्ये त्याची साखळी बाजारात आली. आज तुमच्या करवतीवर जे डावे-उजवे दात आहेत ते त्या अळीचेच.

मला त्यातली जोडी महत्त्वाची वाटते. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की करवत एका अंगाला ओढते. तुम्ही नकळत मनगट पिळून तिला सरळ ठेवता, आणि हे दिवसभर चालतं. मनगट दुखतं म्हणून आपण तेल चोळतो, पट्टा बांधतो. साखळी कुणी बघत नाही! म्हणून प्रत्येक दाताला कानशीचे मोजून सारखेच फटके द्या. कोन तीस अंशांच्या आसपास, कानस फक्त पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. दातापुढचा रेकर, म्हणजे दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवणारा उंचवटा, विसरू नका. दात घासून खाली गेला आणि रेकर तसाच उंच राहिला, तर धार असूनही दात लाकडाला लागत नाही. फरक साधारण ०.६५ मिलिमीटर हवा. त्याहून फार खाली नेलात तर करवत हिसके देते, उसळते. खूण सोपी आहे. साखळी कपच्या टाकतेय तोवर ठीक. पिठासारखा भुसा पडायला लागला की इंजिन बंद करायचं, मग फांदी अर्धी राहिली तरी चालेल.

युरोपीय संघानं २००२ मध्ये हाताला बसणाऱ्या कंपाची मर्यादा ठरवली. आठ तासांच्या सरासरीनं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाला की मालकानं उपाय करायचे, ५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. हे आकडे तीव्रता आणि वेळ यांचे मिळून आहेत. बोथट साखळी दोन्ही वाढवते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी प्रत्येक कंत्राटात लिहून घेतो, की धार लावण्याचा वेळ कामाचा वेळ धरायचा. त्या माणसाचे हात जपण्यासाठी.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. सहा मिनिटं उरलीत, तेव्हा बाकीचं शरीर भरभर घेतो.

कान. करवतीजवळ आवाज ११० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं, ११० ला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. खालच्या माणसाचं ऐकायला कानावरचं आवरण उचललंत की कमाई गेली. अर्धा वेळ काढून ठेवलं, तर कितीही भारी असलं तरी तीन डेसिबलांपेक्षा जास्त वाचत नाही. हेल्मेटमधली बोलायची यंत्रं घ्या.

खांदे. दोरावर हातांनी वर ओढून जाणं तरुणपणी शोभतं, पण मांडीचे स्नायू खांद्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत. पायाचा आणि गुडघ्याचा असेंडर, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, लावा, पायांनी चढा. करवत खांद्याच्या वर नेऊ नका, एका हातानं चालवू नका. जागा बदलायचा कंटाळा येतो म्हणूनच आपण हात लांबवतो. हातमोजे घाला, ते कंप फारसा अडवत नाहीत, पण हात उबदार ठेवतात. सिगारेट सोडा, ती त्याच रक्तवाहिन्या आवळते.

हार्नेसमध्ये निश्चल लटकू नका, रक्त पायांत साचतं. पाय हलवत राहा. आणि वरून माणूस उतरवता येणारा दुसरा कुणी खाली नसेल, तर चढू नका. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

प्रश्न बाहेर घेऊ. व्हरांड्यात मी टेबलावर व्हाइस, म्हणजे करवत घट्ट धरायचा शिकंजा, बसवला आहे, तीन मापांच्या कानशी आहेत. साखळी आणली असेल त्यांनी घेऊन या. सात जणांनी दोन्ही बाजूंना उभं राहून बाकीच्यांना दाखवा. मी डाव्या दातांपासून सुरुवात करतो.