पुढे चार, मागे पाच

(काळोख. फक्त आवाज.)

थोडं ऐकू या.

(सकाळ. विट्याजवळचा ओढा.)

सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका. उन्हाळाभर भेगाळलेल्या या रानात काल रात्री दणकून पाऊस झाला, आणि आज या डबक्याला असा रंग चढलाय. हळदीसारखे पिवळे दिसतायत ते बैलबेडकाचे नर. एरवी मातकट हिरवे, विणीच्या दिवसांतच असे पिवळे. गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात, बघा. रात्रीचा आवाज त्यांचाच.

आज चांदीचे बेडूक घडवणारी ती याच ओढ्यावरून लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात बेडूक घेऊन घरी जायची. आजी दारातच अडवायची, “त्या बेडक्या सोडून ये आधी, मग भाकरी.” ती सोडून यायची. एखादा खिशात राहायचा.

वडील परमुलखात, गलाईच्या दुकानात. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सुट्टीत ती त्यांच्याकडे गेली की चांदी वितळवायच्या मुशीसमोरून हलायची नाही. पण गलाईत चांदी गाळतात, दागिना घडत नाही. घडवणं ती चांदीकामाच्या गावी, हुपरीला, एका जुन्या कारागिराच्या हाताखाली शिकली.

(हात, अगदी जवळून.)

आता तिच्या हातांकडे बघा. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी, बाकी तांबं. मुशीत टाकणखाराची चिमूट पडली, की वर आरशासारखा तवंग येतो. ओतायची वेळ हीच. मग पत्रा ठोकायचा. ठोकून चांदी कडक होते, म्हणून तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. पत्रा लाखेवर बसवून मागून हलक्या हातानं पोट फुगवायचं. बेडूक श्वास घेतोय असं वाटेपर्यंत ती थांबत नाही.

डोळे मात्र बघण्यासारखे. तारेचा तुकडा कोळशावर ठेवला, बारीक ज्योत दिली, आणि तो आपला आपणच गोळा झाला. असे दोन रवे म्हणजे डोळे. बोटं तारेची. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच, निसर्गात असतात तशीच. बोटं जोडायला झाळ देताना ज्योत जराशी रेंगाळली की बोटं वितळून जातात, सकाळपासूनचं काम मुशीत परत. शेवटी गळ्याशी निळ्या मिन्याचे दोन थेंब.

आपल्याकडे दागिन्यांत जीवजंतू नवे नाहीत. पायांत मासोळ्या, कोल्हापुरी साजात मत्स्य आणि कूर्म. पावसाची वर्दी देणाऱ्या बेडकाला मात्र सहसा कुणी गळ्यात घालत नाही. तो मान हिनं दिला, आणि तो त्याला शोभतो.

एका बेडकाला दोन दिवस लागतात. यंत्राच्या साच्यातला माल याहून कितीतरी स्वस्त, त्यामुळे गिऱ्हाईक थोडं. खऱ्या बेडकांचंही सोपं नाही. त्यांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली, तरी फवारणी आणि आटलेल्या विहिरी आहेतच.

(खिडकीतली फळी. एकच बेडूक.)

हा तिचा पहिला. आजीच्या झिजलेल्या जोडव्यांतून घडवलेला. एक डोळा मोठा, एक बारका. पुढच्या पायांनाही पाच-पाच बोटं.

हा विकायचा नाही.

(पुन्हा ओढा. आवाज.)