पिग्मीवाला दारात येतोय, पुढं काय?

मागाचा खडखडाट ऐकतच वडगावात मोठा झालो, म्हणून आधी एक सांगतो, इथं बसलेल्या कुणाला बचत शिकवायची गरज नाही. भिशी नाही असं एक घर दाखवा मला. आमच्या आईचे पैसे तांदळाच्या डब्यात असायचे, आणि तांदूळ कमी झाला की आम्हाला ते दिसायचे, तो भाग वेगळा. प्रश्न बचतीचा नाहीच ओ, साठवलेला पैसा शेवटी कुणाच्या हातात जातोय ह्याचा आहे.

पिग्मीचंच घ्या, म्हणजे एजंट रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे गोळा करतो ती बचत. ही आपल्या कर्नाटकाचीच. १९२५ ला उडुपीत सिंडिकेट बँक निघाली तीच मुळी अडचणीत आलेल्या हातमाग विणकरांना हात द्यायला, आणि १९२८ पासून त्यांचा माणूस दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायला लागला. दोन आणे! ती बँक २०२० ला कॅनरा बँकेत गेली, पिग्मी मात्र अजून गल्लीत फिरतेय. मला ही पद्धत लय आवडते, कारण ज्याला शनिवारी मजुरी मिळते आणि सोमवारपर्यंत निम्मी संपते त्याला महिन्याचा हप्ता जड जातो, पण संध्याकाळी मशीन घेऊन ओळखीचा माणूस दारात उभा राहिला की लाजेखातर का होईना तीस रुपये निघतातच.

पण पिग्मीत पैसा गोळा करायचा, मुरवायचा नाही. व्याज कमी, आणि मुदतीआधी काढलं तर तेही जातंय बऱ्याच ठिकाणी. पावती रोज घ्या, एजंट चांगला असला तरी घ्या.

आता माझा शहाणपणा ऐका. वर्षाची पिग्मी निघाली १८ हजार, ती मी उचलली आणि एका सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत ठेवली, का तर बँकेपेक्षा व्याज जास्त आणि मॅनेजर ओळखीचा, चहा पाजायचा. दोन वर्षांनी शटर खाली. आम्ही वीस-पंचवीस जण रस्त्यावर उभे, एक म्हातारी तेवढी पुढं जाऊन कुलूप ओढून बघत होती. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला आणि सौहार्दला, म्हणजे कर्नाटकातल्या सौहार्द कायद्याखालच्या पतसंस्थेला, तो नसतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीबी विचारलं नाही. सगळ्या सोसायट्या वाईट असं म्हणत नाही मी, पण सगळी पुंजी एकाच ठिकाणी तिथं नको.

मग कुठं? पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. १०० रुपयांपासून चालू होते, पाच वर्षांची. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० येतात त्यातले ५०० बाजूला काढले तर पाच वर्षांत भरले ३० हजार आणि आताच्या ६.७ टक्क्यांनी हातात येतात साधारण ३५ हजार ६००. एखादा हप्ता चुकला तर महिन्याला शंभरामागं एक रुपया दंड, घाबरायचं कारण नाही, पण चारच्या वर चुकवू नका, खातं बंद पडतं. बारा हप्ते झाले की भरलेल्याच्या निम्मं कर्ज मिळतं, म्हणजे शाळेच्या फीसाठी सावकाराकडं जायला नको. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी, मुलीच्या नावाचं सरकारी बचत खातं, २५० पासून.

आणि विमा, हे लिहूनच घ्या. बँक खात्यातून मिळणारे दोन सरकारी विमे, प्रधानमंत्री जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षाचे २०, दोन्ही मिळून वर्षाला ४५६, दोन्हीला दोन-दोन लाख. ४३६ वाल्यात कसंही मरण आलं तरी, २० वाल्यात फक्त अपघात. पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापले जातात आणि खरी गोची तिथंच आहे, आमच्या गल्लीत एकाच्या खात्यात त्या आठवड्यात ३०० रुपयेच होते, हप्ता कापलाच नाही, आणि घरच्यांना कळलं ते तो गेल्यावर. मेमध्ये ५०० रुपये खात्यात पडून राहू द्या, लग्नसराई असली तरी.

एसआयपी, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात थोडे पैसे टाकणं, म्हणाल तर १००-५०० नं तीबी करता येते, पण बाजार पडला की पैसा खाली जातो, तेव्हा सहा-सात वर्षं हात न लावायचाच पैसा तिकडं. आजारपणाला लागणारा नको. आणि सोनं, अक्का, अंगावर घालायला घ्या की, मी कोण नको म्हणणार, फक्त घडणावळीचे पैसे परत येत नाहीत एवढं धरा.

बरं, पासबुकं आणायला सांगितली होती. काढा बघू, शेवटची एन्ट्री कधीची आहे?