निरंक

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'बालसंरक्षण आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची देखरेख'. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर तुम्हाला विषयाची कळकळ आहे, नाहीतर पुढच्या वक्त्यासाठी आत्ताच जागा धरलीय. दोघांचंही स्वागत.

माझी सगळी उमेद पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात गेली. कॅशबुक, पावतीपुस्तक, नमुना 8, प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. माणसांपेक्षा रजिस्टरं मला जास्त ओळखतात, अशी आमच्या घरची तक्रार आहे. तेव्हा मी बोलणार ते रजिस्टरांबद्दलच.

ग्राम बाल संरक्षण समिती तुम्हाला ठाऊक आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सदस्य सचिव, शिवाय ग्रामसेवक, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई आणि गावातली एक मुलगी, एक मुलगा. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गाव ऐकत नाही.) पोलीस, आरोग्य, शिक्षण, पंचायत, सगळी खाती एका सतरंजीवर. कागदावर याहून चांगली रचना मला सुचणार नाही.

बीड जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून आमच्या ओळखी आहेत. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर पोरं. मी तपासणीला गेलो जानेवारीत. ग्रामपंचायतीचं छत गळत होतं म्हणून दप्तर शाळेच्या एका खोलीत हलवलेलं. त्यामुळे एरवी कधी घडत नाही ते घडलं. पंचायतीच्या कागदांशेजारी, त्याच टेबलावर, शाळेची हजेरी पडलेली होती.

समितीचं प्रोसिडिंग उघडलं. डिसेंबरची सभा. उपस्थितांची यादी, प्रत्येकापुढे सही. सगळ्या सह्या निळ्या बॉलपेनच्या आणि डावीकडे झुकलेल्या. ते मी सोडून देतो, एवढ्यावर हरकत घेतली असती तर महाराष्ट्रात एकही सभा झाली नाही असं लिहावं लागलं असतं. यादीत शेवटचं नाव बालप्रतिनिधीचं. आठवीतला मुलगा. सही आहे. सहज म्हणून शेजारची हजेरी चाळली, तर त्याच्या नावापुढे नोव्हेंबरपासून तांबड्या शाईत 'स्थलांतर', आणि शिक्षण हमी पत्रक (पोराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात तो कागद) दिल्याची नोंद. म्हणजे पोरगं कारखान्याच्या फडात आईबापानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधतंय, आणि गावात मुलांच्या संरक्षणावर सही करतंय!

पुढचा ठराव ऐका. त्यातलं 'निरंक' म्हणजे दप्तराच्या भाषेत शून्य. 'गावात स्थलांतरित, शाळाबाह्य अथवा संकटग्रस्त बालक नाही. निरंक. सर्वानुमते मंजूर.' सर्वानुमते म्हणजे त्या पोराच्याही मते. (हशा) हसा, पण त्याच्या गैरहजेरीत त्यालाच नाहीसं करणारा ठराव त्याच्याच सहीने झालाय.

अंगणवाडीताईंना बोलावलं. बाई घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, निरंक लिहिलं की एक ओळ. एक पोर लिहिलं की नाव, वय, काय कारवाई केली, फोटो, जावक नंबर. आणि वर तालुक्याच्या मीटिंगला उभं करून विचारतात, तुमच्याच गावात कसं काय?" यावर मी काय बोलणार? ती ओळ तालुक्याला जाते, तिथे सगळ्या गावांची बेरीज होते, शून्य अधिक शून्य, आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीत शून्य आणणाऱ्यांचं अभिनंदन होतं. एका बैठकीत टाळ्या पडलेल्या मी ऐकल्या आहेत.

बालविवाहाचंही तेच. 2006 च्या कायद्याखाली गावात प्रतिबंध अधिकारी कोण, तर ग्रामसेवक. लग्नाची पत्रिका त्यालाच येते, 'उपस्थिती प्रार्थनीय'. मांडव सरपंचाच्या भावकीतला. तो लग्न मोडणार आणि सोमवारी त्याच सरपंचाच्या सहीसाठी चेकबुक घेऊन उभा राहणार? ज्या राज्यात गावोगावचे अहवाल निरंक, त्याच राज्यात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांनी अठराच्या आत लग्न झाल्याचं सांगितलं. परभणी, बीडकडे प्रमाण साधारण दुप्पट. मग ही लग्नं लागली कुठे?

आपल्याकडचेच लोक कामचुकार, असं म्हणायची आपल्याला हौस असते, म्हणून एक परदेशी उदाहरण. इंग्लंडमधलं रॉदरहॅम. तिथल्या लैंगिक शोषणावर प्राध्यापक अलेक्सिस जे यांचा अहवाल 2014 मध्ये आला. 1997 ते 2013 या काळात, कमीत कमी धरून, 1400 मुलं. तिथे तर निरंकही नव्हतं. 2002, 2003 आणि 2006 असे तीन अहवाल पोलिसांसमोर आणि कौन्सिलसमोर, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेसमोर, होते. निवडून आलेल्यांनी ते लावून धरले नाहीत. पुढच्या वर्षी सरकारने कौन्सिलचा कारभारच काढून आयुक्तांच्या हाती दिला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि मूळ विषय अजून पिशवीतच आहे. तर भरभर सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की देखरेख करणाऱ्यांनी शून्यावर खूश होणं बंद करावं. ज्या गावातून वर्षभर निरंक येतं तिथे आधी जावं, आणि जिने पाच मुलं लिहून पाठवली त्या ताईचा सत्कार करावा. खात्यांना सुटं सुटं विचारून काही हाती लागत नाही, प्रत्येकाची फाईल पूर्ण असते. मूल हरवतं ते दोन फायलींच्या मध्ये. शाळेने पोलिसांना केव्हा कळवलं, पोलिसांनी बाल कल्याण समितीला (संकटातल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) केव्हा, हे तारीख आणि वेळेसकट विचारायला हवं. कायद्यात मुदत आहे. पोक्सोखालच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालच्या, तक्रारीची माहिती पोलिसांनी 24 तासांत समितीला द्यायची, सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीपुढे हजर करायचं. 2024 मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा गुन्हा नोंदवायलाच उशीर झाला, लोक रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तासांचा हिशेब नियमाने कोणी मागत असतं, तर ही वेळ आली नसती असं मला वाटतं.

मागणार कोण? जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समिती आहे. तिचा वेळ शिलाई मशीन आणि सायकली वाटण्यात जातो. त्यात मार्च 2022 नंतर बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले, म्हणजे तेवढा काळ ती समितीच नव्हती. जिल्हा बाल संरक्षण कक्ष बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला. वाईट नाही झालं, पण लोकांनी निवडलेल्या माणसाला त्या फाईलवर बोट ठेवायची जागा राहिली नाही. ती मागा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाचे असतात, त्यातून ताईंना 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करायला रिचार्ज तरी द्या.

हे सगळं ग्रामसभेत विचारा, मुलाचं नाव मात्र घ्यायचं नाही. ओळख उघड करणं गुन्हा आहे. आकडे आणि तारखा विचारायच्या.

कुठली ग्रामसभा, तेही सांगतो. 26 जानेवारीला अर्धं गाव फडात असतं. 1 मेला टोळ्या परतलेल्या असतात आणि लग्नसराई चालू असते. हमी पत्रक घेऊन किती मुलं गेली, किती परत आली, न आलेली कुठे आहेत आणि त्यात मुली किती, एवढं विचारा. मुख्याध्यापकांच्या हजेरीत ते सापडतं. नोटीस निघण्याआधी सरपंचांना लेखी द्या आणि पोच घ्या. 'ऐनवेळचे विषय' यात टाकू देऊ नका, तोवर लोक चहाला उठलेले असतात.