बिनजोड

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या कामाच्या टेबलावर एक चपटी, कप्प्याकप्प्यांची डबी असते. झाकणावर मी मार्करने लिहून ठेवलंय, ‘बिनजोड’. वाचणाऱ्याला वाटतं, आत काही हिराबिरा असणार. आत असतात काचेचे तुकडे. प्रत्येकाला जोडीदार हवाय आणि तो काही मिळत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. समुद्राने घासून किनाऱ्यावर आणून टाकलेल्या काचेचे दागिने मी घडवते. सी ग्लास म्हणतात तिला. आज या डबीबद्दलच बोलायचंय, पण आधी ही काच मुळात होते कशी ते सांगते.

होते कचऱ्यातून. बाटल्या, बरण्या, औषधांच्या कुप्या, बुडालेल्या जहाजावरची भांडी. फुटतात, लाटांबरोबर वाळूवर आणि गोट्यांवर आपटत राहतात, धार जाते, कोपरे गोल होतात. पण नुसत्या घासण्याने सी ग्लास होत नाही. साध्या काचेत वाळू असते, सोडा असतो आणि चुना. खारं पाणी वर्षानुवर्षं त्यातला सोडा आणि चुना हळूहळू ओढून घेतं आणि पृष्ठभागाला बारीक बारीक खड्डे पडतात. दहिवर पडल्यासारखा जो धुरकटपणा दिसतो, तो या खड्ड्यांचा. एवढं व्हायला वीस-तीस वर्षं तरी जातात, जाड काचेला त्याहून कितीतरी जास्त. अस्सल तुकडा भिंगाखाली धरला की इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या चिमुकल्या चंद्रकोरी दिसतात. मी कुठलाही तुकडा हातात आला की आधी त्या शोधते.

नवख्या माणसाची एक फजिती ठरलेली. किनाऱ्यावर ओला तुकडा उचलावा तर पाचूसारखा झळकतो. घरी येऊन खिशातून काढावा तर पिठात लोळल्यासारखा. फसलो असं वाटतं. झालेलं एवढंच असतं, की खड्ड्यांत पाणी भरलं होतं तेव्हा प्रकाश सरळ आत जात होता, आणि वाळल्यावर तो त्या खड्ड्यांवर विखुरतोय. मग कुणीतरी सल्ला देतं, तेलाचा हात फिरवा. मीही फिरवला होता एकदा. चकाकी आली, आणि जे मिळवायला समुद्राने इतकी वर्षं घालवली तेच पुसून गेलं. शेवटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन काढलं. दागिना रोज अंगावर असला की त्वचेचं तेल लागून तो असाच तुळतुळीत व्हायला लागतो. त्यालाही इलाज तोच, साबण आणि मऊ ब्रश.

रंगांबद्दल बोलायला लागले तर तुमची पुढची बातमीपत्रं चुकतील, म्हणून थोडक्यात. पांढरा, तपकिरी आणि हिरवा हे ढिगाने मिळतात, कारण बाटल्याच त्या रंगांच्या होत्या. गडद निळा कोबाल्टचा, बहुतेकदा औषधाच्या बाटलीचा. लाल फार दुर्मीळ. लाल काचेसाठी पूर्वी चक्क सोनं वापरायचे, मग तिच्या बाटल्या कोण करणार? नारिंगी तर मला आजवर एकही मिळालेला नाही. काळे म्हणून जे उचलतो ते उजेडाकडे धरले की गर्द हिरवे किंवा तपकिरी निघतात, आणि ते बरेच जुने असतात. काही फिकट हिरवट तुकडे अतिनील टॉर्चखाली भुतासारखे हिरवे पेटतात. त्या काचेत युरेनियम असतं.

माझा जीव मात्र जांभळ्यात. हा रंग कुणी मुद्दाम दिलेला नाही. वाळूत लोह असतं, त्याने काच हिरवट येते. ती स्वच्छ पांढरी यावी म्हणून कारखानदार त्यात मॅंगेनीज घालत. तीच काच वर्षानुवर्षं उन्हात पडली की मॅंगेनीज रंग बदलतं आणि काच फिकट जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मॅंगेनीजची टंचाई झाली आणि कारखाने दुसऱ्या पदार्थांकडे वळले. म्हणजे उन्हाने जांभळा झालेला तुकडा हाती आला, तर त्याचं वय साधारण शंभराच्या पुढे धरायला हरकत नाही.

काही किनारे या काचेसाठी प्रसिद्ध आहेत. इंग्लंडच्या ईशान्येला सीहम नावाचं गाव आहे. तिथे १८५० च्या दशकापासून १९२१ पर्यंत बाटल्यांचा मोठा कारखाना चालला आणि उरलीसुरली काच सरळ समुद्रात गेली. त्यामुळे तिथे एकाच तुकड्यात दोन-तीन रंगांचे पदर सापडतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगला १९०६ ते १९६७ पर्यंत गावाचा कचरा समुद्रकाठी टाकत होते. आज तो ‘ग्लास बीच’ पाहायला लोक लांबून येतात, मात्र तो आता राज्य उद्यानाचा भाग आहे आणि तिथली काच उचलायला बंदी आहे. काल ज्याला उकिरडा म्हणत होते, त्यावर आज पहारा! आणि हा साठा संपत चाललाय. बाटल्या प्लास्टिकच्या झाल्या, कचरा समुद्रात टाकणं पुष्कळ ठिकाणी थांबलं. चांगलंच झालं. माझ्या धंद्याला वाईट, पण चांगलंच झालं.

आता घडणीकडे येते. सगळ्यात सोपं म्हणजे तारेचं काम. चांदीची किंवा तांब्याची तार तुकड्याभोवती वेढे देत बसवायची आणि वर कडी काढायची. सोपं म्हटलं खरं, पण तार फार गुंडाळली की काच पिंजऱ्यात बसल्यासारखी दिसते. तीन वेढ्यांत जमलं नाही तर मी सोडून देते, दुसरा तुकडा घेते.

दुसरा प्रकार भोक पाडण्याचा. इथे घाई केली की संपलं. हिऱ्याचे कण लावलेलं बारीक टोक लागतं, आणि काच पाण्यात बुडलेली हवी. एक म्हणजे ती तापत नाही, दुसरं म्हणजे काचेची पूड हवेत उडून छातीत जात नाही. टोक दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि मध्येमध्ये उचलायचं, म्हणजे पाणी आत शिरतं. अर्ध्यापर्यंत गेलं की तुकडा उलटा करून पलीकडून सुरुवात करायची. एकाच बाजूने आरपार गेलात तर बाहेर पडताना टवका उडतो. माझा पहिला गडद निळा तुकडा असाच गेला. शेवटचा केसभर भाग राहिला होता, मी जरासा जोर दिला. टक्‌ झालं. ताटलीतल्या पाण्यात दोन तुकडे. म्हटलं, झाली बाई जोडी! पण तुटलेली कड आरशासारखी लख्ख होती, आणि तिला तसं समुद्रात पाठवायचं तर तीस वर्षं वाट पाहावी लागली असती.

तिसरं कोंदण. चांदीची पातळ पट्टी तुकड्याच्या कडेने फिरवून माप घ्यायचं, डाख देऊन जोडायची, खाली तळ लावायचा. हे सगळं होईपर्यंत काच आगीच्या आसपासही आणायची नाही, एकदम तापली की तडकते. कोंदण गार झालं, उजळलं, की मगच ती आत ठेवून पट्टीची कड चहूबाजूंनी हळूहळू दाबत न्यायची. कुठलाही तुकडा दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे एकाचं कोंदण दुसऱ्याला बसत नाही. तळाला मी खिडकी कापते. पाठीमागून उजेड आला नाही तर या काचेत राहिलं काय?

गळ्यातलं लटकन करायला एकच तुकडा पुरतो. कानातल्याला दोन लागतात, आणि तिथे समुद्र आपल्याला विचारत नाही. रंग जुळला तर जाडी वेगळी. जाडी जुळली तर एक सपाट, एक बाटलीच्या पोटाचा बाक घेऊन आलेला. हे सगळं जुळलं तर एक शंभर वर्षं घासलेला, दुसरा अजून कच्चा. मग मोह होतो. कानस फिरवून आकार जुळवता येतो. नवीन काच यंत्रात वाळूबरोबर फिरवता येते, आम्लात बुडवून धुरकट करता येते. बाजारात असे पुष्कळ दागिने आहेत, दिसायला वाईटही नाहीत. फक्त तसं सांगून विकावेत. ओळखायचे तर बघा, धुरकटपणा सगळीकडे एकसारखा, कडा एकसारख्या, आणि चंद्रकोरी गायब.

मीही एकदा कानस उचलली होती. एका बाईंना लेकीसाठी जांभळी कानातली हवी होती. डबीत दोन जांभळे होते, एक लांबट, एक जरा पसरट. पसरटाचा एक कोपरा घासला. एवढासाच. पण तो कोपरा नखासारखा चकचकायला लागला, आणि दागिना ठेवताना माझा अंगठा दर वेळी नेमका त्याच्यावर जायला लागला. बाई आल्या तेव्हा सरळ सांगून टाकलं, हा मी घासलाय. त्यांनी तो बाजूला सारला आणि डबीच आपल्याकडे ओढली. लांबट जांभळा उचलला, शेजारच्या कप्प्यातला फिकट हिरवा उचलला आणि दोन्ही कानांशी धरून म्हणाल्या, “हे करा.”

म्हटलं, “अहो, हे जुळत नाहीत.”

“एका वेळी माणसाला एकच कान दिसतो हो,” त्या म्हणाल्या.

मी दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले. एक दोन ग्रॅम भरला, दुसरा त्याहून जरासा कमी. हलक्याला तारेचा एक वेढा जास्त दिला.