दोन चांदीच्या नाण्यांचा हमाल

(दृश्य : शहापुरातल्या जुन्या घराची पडवी. बाहेर पाऊस. पाटावर फासे, फुलस्केप वही, शिसपेन्सील, चार्जिंगचा दिवा.)

बेळगावचा पाऊस एकदा मुक्कामाला आला की गणपतीपर्यंत निघायचं नाव काढत नाही. साडेआठला करंट गेलाय. डोक्यावर खानापूरची कौलं वाजताहेत आणि समोर पाटावर सात फासे मांडलेत. चार बाजूंचा, सहाचा, आठचा, दहाचे दोन, बाराचा आणि वीस बाजूंचा. सहाचा तेवढा पितळेचा आहे. उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्या एका मित्रानं करून दिला. वीस बाजूंचाही कर म्हटलं, तर म्हणाला, "मालकानं विचारलं हे कसलं जॉब, तर काय सांगू रे?"

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि पात्राला काय जमलं, काय फसलं, ते फासा सांगतो. आम्ही पाच जण होतो. दोघं पुण्याला गेले, एक बेंगळूरला, एकाचं लग्न झालं. लग्न झालेला इथंच टिळकवाडीत आहे, पण खरं सांगायचं तर सगळ्यात लांब तोच गेला. उरलो मी. म्हणून आता एकट्यानं खेळतो.

(दृश्य : पितळेचा फासा, अगदी जवळून. सहाच्या बाजूवरचा एक ठिपका जरा बाहेर सरकलेला.)

एकट्यानं खेळणं हे काही कोरोनात निघालेलं खूळ नव्हे. खेळ बाजारात आला 1974 साली आणि 1975च्या वसंतात तो काढणाऱ्या कंपनीच्याच पत्रिकेच्या पहिल्याच अंकात एकट्यानं तळघरं धुंडाळायचे तक्ते छापून आले. खोली केवढी, दार कुठं, आत कोण, सगळं फाशावर. म्हणजे पहिल्या वर्षापासूनच कुणाचा तरी पाचवा मित्र येत नव्हता.

डीएम नसला की त्याच्या जागी प्रश्न विचारायचा आणि फासा टाकायचा. इंग्रजीत या पद्धतीला ऑरेकल म्हणतात. मी कौल म्हणतो. आमचं कुळदैवत घाटाखाली, गोव्याकडं. तिथं मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि उजवी पाकळी पडली की काम होणार. लहानपणी एक गोष्ट तिथं लक्षात आली होती. पाकळीपेक्षा गुरवाचं कसब मोठं. तो प्रश्न असा घालायचा की त्याला होय किंवा नाही यांपैकी एकच उत्तर येईल. माझा कौल पितळेच्या फाशावर लागतो. एक पडला तर 'नाही, आणि वर आणखी वाईट'. दोनला नुसतं 'नाही'. तीनला 'नाही, पण'. चारला 'होय, पण'. पाचला 'होय'. सहाला 'होय, आणि वर आणखी चांगलं'. गोष्ट जन्मते ती तीन आणि चारवर, त्या 'पण'मध्ये.

आता मूळ सवाल. पात्र कुठल्या क्लासचं, म्हणजे कुठल्या पेशाचं, घ्यायचं?

सुरुवातीच्या 1974च्या खेळात क्लास तीनच होते : लढणारा, मंत्र टाकणारा आणि देवाचा माणूस, म्हणजे क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी आला. 2014च्या नियमांत, जे मी खेळतो, ते बारा झाले. जानेवारी 2023मध्ये याच नियमांची एक मूळ संहिता खुल्या परवान्यावर फुकट दिली गेली, तिच्यात बाराही क्लास आहेत. तेव्हा महागडं पुस्तक नाही म्हणून कुणी अडून बसायचं कारण नाही. पण हे बारा क्लास म्हणजे वाटणी आहे, हे विसरून चालत नाही. एकानं पुढं उभं राहायचं, एकानं मागून मंत्र टाकायचा, एकानं जखमा बांधायच्या, एकानं कुलूप उघडायचं. चौघांत वाटलेलं काम एकाच्या अंगावर आलं की त्याची काय गत होते, ते मी पहिल्या आठवड्यात बघितलं.

(दृश्य : वहीचं पान. नकाशा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याची उतरण. एके ठिकाणी वटवाघळाचं चित्र.)

नकाशा माझा मी काढलाय. नावं बदलली आहेत, पण रस्ता जांबोटीवरून कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, आणि पुढं चोर्ल्यानं खाली उतरतो तोच. भीमगडचं जंगल 2011पासून अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनच्या नावाचं दुर्मिळ वटवाघूळ राहतं. आपल्या दाराशी अशी गुहा असताना परदेशी डोंगर कशाला उसना आणायचा? गुहेत मी गोब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, बसवले. वटवाघळांना हात लावला नाही.

आणि त्या गुहेत पाठवला विझार्ड, म्हणजे मंत्र टाकणारा. हुशार माणूस आवडतो, दुसरं काय. पहिल्या पातळीवर त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, सहा आणि प्रकृतीचा एक मिळून सात. अंगात चिलखत नाही, म्हणून बचावाचा आकडा बारा. झोपेचा मंत्र मात्र जबरदस्त. आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, सरासरी येते साडेबावीस. गोब्लिनचे हिट पॉइंट सात. म्हणजे एका मंत्रात तिघं घोरायला लागतात. दोन दालनं मी राजासारखा पार केली. तिसऱ्याच्या दारात मंत्र संपले होते. तासभर बसून वही वाचली असती तर एक परत मिळाला असता. बसलो नाही. बसवेना.

आत तिघं. विझार्डला लागायला गोब्लिनला वीसच्या फाशावर आठ किंवा वर पडलं की पुरे. म्हणजे विसांत तेरा वेळा. पहिला वार पाचचा, दुसरा सातचा. विझार्ड आडवा. चौघांच्या टोळीत यापुढं कुणीतरी धावत येतं. जीव शून्यावर आला तरी फासे टाकत राहायचं असतं. दहा किंवा वर पडलं की एक यश, खाली पडलं की एक अपयश, जे आधी तीन होईल ते खरं. पण बेशुद्ध माणसाला जवळून लागलेला एक वार दोन अपयशांएवढा. तिसऱ्या गोब्लिननं तेच केलं. पुढच्याचा वार मी टाकलाच नाही. वही मिटली.

एकट्याचा क्लास निवडताना लोक मारण्याची ताकद बघतात. बघायचं असतं ते एवढंच, की पडायच्या आधी हा माणूस स्वतःला सावरू शकतो का आणि पळू शकतो का. पडल्यावर उठवायला कुणी नसतं.

(दृश्य : दार उघडतं. हातात घडी केलेली छत्री घेऊन काका.)

शेजारचे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. रेजिमेंटचं सेंटर इथंच, त्यामुळं बेळगावात प्रत्येक गल्लीत असा एक काका असतोच. ते पडवीत आले आणि म्हणाले, "कुणाशी बोलूलालास रे अंधारात?"

मी सांगितलं. विझार्ड मेला, आता फायटर घेतोय. फायटरचं गणितच निराळं. हिट पॉइंट बारा. साखळीचं चिलखत सोळा, ढालीचे दोन, बचाव अठरा. त्याच गोब्लिनला आता चौदा किंवा वर लागतात, विसांत सातच वेळा. शिवाय दम घ्यायची सोय : लढाई चालू असतानाच दहाचा फासा टाकायचा, त्यात पातळी मिळवायची आणि तेवढा जीव परत घ्यायचा. विश्रांती झाली की पुन्हा. एकट्याला याहून शहाणा क्लास शोधून सापडणार नाही. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सांगतो.

काकांना पटलं नाही. "एकटा शिपाई? सेक्शनमधी धा माणसं असतात. एकटा सापडला तर तो शिपाई नव्हे, वाट चुकलेला माणूस."

त्यांचं बोलणं मला तेव्हा टोमणा वाटला. फायटर चौथ्या पातळीपर्यंत जगला, मस्त जगला. पण एका रविवारी मागची चौदा पानं उलटून बघितली, तर सगळ्या पानांवर वजाबाक्या. बारातून पाच गेले, सातात आठ मिळवले. तेव्हा ध्यानात आलं की क्लास निवडताना मी कौलाला विचारायचे प्रश्न निवडत होतो. फायटर एकच विचारतो : "किती जण आहेत?" संध्याकाळभर हा एकच प्रश्न विचारून माणूस कंटाळतो.

रोग, म्हणजे आजार नव्हे, तो मघाचा चोर. त्याचा प्रश्न चांगला असतो, "मागून वाट आहे का?" म्हणून तोही घेऊन बघितला. त्याचा घाव मोठा बसतो तो आडून मारल्यावर. नियम असा की एकतर तुमचं पारडं जड हवं, नाहीतर शत्रूच्या पाच फुटांत तुमचा दुसरा माणूस उभा हवा. दुसरा माणूस! आणायचा कुठून? दुसऱ्या पातळीला झटकन लपायची युक्ती मिळते, तोवर दिवस काढायचे. पण माझी अडचण वेगळीच झाली. पहारेकऱ्यानं बघितलं का, हे मीच विचारायचं, मीच ठरवायचं. तिसऱ्या वेळेला फासा पाटावरून खाली पडला आणि मी तो मोजला नाही. काका बघत होते. काही बोलले नाहीत.

क्लेरिक, पॅलाडिन (धर्मयोद्धा), ड्रुइड (रानातला मांत्रिक), रेंजर (रानवाटाड्या) हे चौघंही एकट्याला चालतात, जखम भरायची सोय प्रत्येकाकडं आहे. पॅलाडिन हातानं भरतो, पातळीच्या पाचपट. रेंजरला दुसऱ्या पातळीला दहा बोरांचा मंत्र घेता येतो, एक बोर खाल्लं की दिवसभराचं पोट भरतं; खानापूरच्या रानात हिंडायला फार उपयोगी. बार्बेरियनला जिवासाठी बाराचा फासा, पण रागानं फुललेल्या माणसाबरोबर रोज बसायचं म्हणजे घरात कमी आहेत का?

मी घेतला बार्ड. माझ्या वहीत तो शाहीर.

(दृश्य : वहीत डफाचं चित्र. खाली मराठी आणि कन्नड अक्षरं.)

कागदावर हा एकट्यासाठी सगळ्यात गैरसोयीचा. त्याची मुख्य विद्या म्हणजे हुरूप देणं : सहाचा एक फासा दुसऱ्याला द्यायचा, त्यानं तो अडीअडचणीत आपल्या आकड्यात मिळवायचा. नियमात स्पष्ट लिहिलंय, हा फासा स्वतःला देता येत नाही. शाहिराला आपलाच पोवाडा लागू पडत नाही. त्याला झीलकरी लागतो. 'जी जी रं जी' म्हणणारा मागं कुणी नसेल, तर पुढचा कितीही ओरडला तरी चौकातलं कुत्रं थांबत नाही.

पण त्याचे प्रश्न बघा. "हा ओळखीतला निघेल का? याला कुठली भाषा कळते? बोलून भागेल का?" हे तर आपले रोजचे प्रश्न आहेत. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, खडे बाजारात दखनी. नियमाप्रमाणं मानवाला कॉमन आणि वर एक भाषा मिळते. बेळगावच्या पाचवीतल्या पोराला याच्या दुप्पट येतात. शाहिराजवळ टोमण्याचा एक मंत्र असतो. शत्रूला ऐकू जाईल असा अपमान करायचा, चारच्या फाशाएवढी इजा होते आणि त्याचा पुढचा वार ढिला पडतो. बेळगावच्या माणसाला हा मंत्र शिकवावा लागत नाही. वहीत मी अपमान मराठीत लिहितो. गोब्लिन फारच नाठाळ असला तर कन्नडात.

मग झीलकऱ्याचं काय? नियमात मजुरीचे दर आहेत. बिनकसबी माणूस, दिवसाला दोन चांदीची नाणी. मी एक हमाल ठेवला. ओझं तो उचलतो, कंदील तो धरतो आणि माझ्या सहाच्या फाशाला अखेर मालक मिळाला.

काल रात्री दोघं घाटात होते. झाडीतून घुबडाच्या तोंडाचं अस्वल बाहेर आलं. हिट पॉइंट एकोणसाठ. शाहिराचे पंधरा, हमालाचे चार. मी हुरुपाचा फासा हमालाच्या बाजूला सरकवला.

काका वाकून बघत होते. "पगार किती म्हणलास त्याचा?"

"दिवसाला दोन चांदीची नाणी."

"आणि अस्वलापुढं उभा राहंल होय तो? पळतोय बघ."

एवढं बोलल्यावर विचारणं भाग होतं. हमाल पळाला का? पितळेचा फासा टाकला. गडगडत पाटाच्या कडेला गेला, थांबला. चार. होय, पण.

मी बराच वेळ पेन्सील धरून बसलो. मग लिहिलं : पळाला, पण कंदील पेटता ठेवून गेला.

काकांनी छत्री उचलली. पायरीवर थांबून चपला शोधता शोधता म्हणाले, "सकाळी येतोय बघ तो. दोन दिवसांचा पगार राहिलाय की त्याचा."