माघारीतून घडलेली सेना

मंडळी, 'आठवी सेना' म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या फौजी लोकांना माँटगोमेरी आणि आफ्रिकेचं वाळवंट आठवतं. ती ब्रिटिशांची. मी बोलणार आहे ती अमेरिकेची आठवी सेना, १९५० पासून कोरियात ठाण मांडून बसलेली.

तिची उभारणी १९४४ची. जनरल आयकेलबर्गर यांच्या हाताखाली फिलिपिन्समध्ये तिनं बेटामागून बेट घेतलं, पुढे जपानमध्ये ताबा ठेवला. हा भाग मी उरकतोय, कारण माझ्या मते तिचा खरा वारसा जिंकण्याचा नाहीच. मार खाऊन तग धरण्याचा आहे.

जून १९५०मध्ये उत्तर कोरियाचे रणगाडे सीमा ओलांडून दक्षिण कोरियात आले. जपानमधल्या निवांतपणाला सरावलेल्या, माणसं अपुरी असलेल्या तुकड्या घाईघाईनं तिकडे धाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये ही सेना पार आग्नेय कोपऱ्यात रेटली गेली होती. पाठीशी बुसान बंदर, पुढ्यात नाकदोंग नदी. तिचे तेव्हाचे प्रमुख जनरल वॉकर यांनी बजावलं, आता मागे सरकायचं नाही. सैनिक कमी पडले म्हणून कोरियन पोरं थेट अमेरिकन तुकड्यांत भरली. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना! ती तात्पुरती सोय 'कातुसा' या नावानं अजून चालू आहे. गणवेश अमेरिकन, त्यावर झेंडा कोरियाचा. आणि आता त्यात जायला इंग्रजीची परीक्षा लागते, वर सोडतीत नाव निघावं लागतं.

इंचॉन बंदरात समुद्रातून फौजा उतरवल्यानंतर सेना उत्तरेत घुसली, तोच चिनी फौजा येऊन आदळल्या. डिसेंबरात उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग सोडावी लागली. या पळापळीत आपल्या भारतीय लष्कराची ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची. सामान न्यायला वाहनं नाहीत. औषधं, उपकरणं नष्ट करून निघायचं की काय? या पठ्ठ्यांनी एक बेवारस वाफेचं इंजिन शोधलं, हातोहात बादल्या देत त्यात पाणी भरलं, डबे जोडले आणि गाडी स्वतः हाकत दक्षिणेला आणली.

त्याच महिन्यात वॉकर जीपच्या अपघातात गेले. त्यांच्या जागी जनरल रिजवे आले, आणि खचलेली सेना त्यांनी मार्चमध्ये पुन्हा दक्षिणेची राजधानी सोलपर्यंत नेली. २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली; त्याचे प्रमुख आपले मेजर जनरल थोरात.

शांतता करार मात्र आजतागायत नाही. म्हणून ही सेना तिथेच आहे. काम लढाईचं कमी, समोरच्याला लढाईचा विचारच परवडू नये इतकं सज्ज राहण्याचं जास्त. सोलमधल्या योंगसानमध्ये तिचं मुख्यालय होतं. पूर्वी तिथे जपानी सैन्याची छावणी होती, तेव्हा ती जागा परक्यांच्याच हाती राहिल्याचं कोरियनांना खुपणारच. २०१७मध्ये मुख्यालय दक्षिणेला, प्योंगतेकच्या कॅम्प हम्फ्रीजला हललं. तिथे शाळा, इस्पितळ, बाजार, सगळं गावच वसलंय, आणि बांधकामाचा बहुतेक खर्च उचलला दक्षिण कोरियानं.