पुढे असणारा गोत्यात: मकावची ग्रां प्री शर्यत

(दृश्य: पहाट. रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे.)

काल संध्याकाळी याच रस्त्यावरून बस गेली. लेनचे पांढरे पट्टे आहेत तिथेच आहेत, गटारांची झाकणंही. थोड्या वेळाने इथून ताशी अडीचशेच्या पुढच्या वेगाने गाड्या सुटतील. एका माणसापुरत्या, उघड्या चाकांच्या. चालवणारी पोरं बहुतेक विशीच्या आतबाहेरची.

हे मकाव, चीनच्या किनाऱ्यावरची जुनी पोर्तुगीज वसाहत. कोपऱ्यावरच्या पाट्या निळ्या-पांढऱ्या फरशीच्या, त्यांवर पोर्तुगीज आणि चिनी. पणजीच्या फोंताइन्यातून फिरलेल्याला त्या ओळखीच्या वाटतील. गोव्यातून पोर्तुगीज १९६१ साली गेले. इथे ते १९९९ पर्यंत होते. त्यांच्याच अमदानीत, १९५४ साली, हौशी मंडळींनी ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी एदुआर्दो द कार्व्हाल्यो ट्रायम्फ टीआर-२ घेऊन जिंकला. १९८३ मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या, गाड्या आल्या आणि जिंकला तेवीस वर्षांचा एक ब्राझिलियन, पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला आयर्टन सेना. तेव्हापासून फॉर्म्युला वनची स्वप्नं बघणाऱ्यांना मकाव चुकवून चालत नाही. २०२४ पासून इथे फॉर्म्युला थ्रीऐवजी फॉर्म्युला रीजनल या वर्गाच्या गाड्या धावतात. भिंती मात्र त्याच.

(दृश्य: टेकडीवरचं दीपगृह, खाली वळणावळणांचा रस्ता.)

एक फेरी सव्वासहा किलोमीटरला जराशी कमी. तिचे दोन तुकडे आहेत आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. गिया टेकडीवरचा रस्ता अरुंद, चढउतारांचा. पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. इथे गाडी रस्त्याला चिकटून राहायला हवी, म्हणजे विंग, हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारी पट्टी, जास्त. खाली समुद्राकडच्या बाजूला जवळजवळ दोन किलोमीटर सुसाट धाव. तिथे तीच विंग हवेला अडते. इंजिनिअरने कुणाची बाजू घ्यायची? कुणाचीही घेतली तरी दुसऱ्या तुकड्यात शिव्या ठरलेल्या.

(दृश्य: मेल्को वळण. गाड्या मुंगीच्या चालीने, एकामागे एक.)

हे मेल्को. रस्ता जेमतेम सात मीटर रुंद आणि वळण थेट उलट फिरणारं. नेहमीच्या स्टिअरिंगने गाडी इथे वळतच नाही, म्हणून चाकं जास्त फिरतील अशी खास सोय करून घ्यावी लागते. पिवळा झेंडा कायम हलत असतो: ओव्हरटेक करायचं नाही. पुढची गाडी आडवी झाली की मागे ट्रॅफिक जाम, अगदी आपल्या गल्लीतल्यासारखा. फक्त हॉर्न नाहीत.

मेल्कोनंतर उतार, मग आर बेंड, मग ती लांब धाव. आणि इथे मकावचा उफराटा न्याय सुरू होतो. पुढची गाडी हवा कापते, मागची तिच्या आडोशाने आयती वेग घेते. लिस्बोआ हॉटेलपाशी उजवीकडचं काटकोनी वळण येईपर्यंत मागचा बरोबरीला आलेला असतो. म्हणून सेफ्टी कार, अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी, बाजूला झाली की पहिल्या नंबरवाल्याच्या पोटात गोळा येतो.

पण मागच्यालाही थांबता यायला हवं. १९९० साली निकाल दोन शर्यतींच्या वेळा मिळवून लागत होता. पहिली मिका हॅकिनेनने जिंकली होती. तो आणि मायकेल शूमाखर, दोघेही पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. दुसरीत हॅकिनेनने शूमाखरच्या मागोमाग नुसती रेषा ओलांडली असती तरी करंडक त्याचाच होता. शेवटच्या फेरीत त्याला राहवलं नाही. तो बाजूने निघाला, शूमाखर त्याच बाजूला सरकला, टक्कर झाली. हॅकिनेनची गाडी तिथेच संपली. शूमाखर मागची विंग गमावूनही पहिला आला. चूक कुणाची, यावर आजही भांडणं होतात. माझं मत विचाराल तर गरज नसलेल्याने घाई केली.

२०१७. शेवटची फेरी, शेवटचं वळण. पुढे सेर्जिओ सेत्ते कामारा, बाहेरच्या बाजूने फर्डिनांड हाब्सबुर्ग. दोघेही भिंतीत. तिसरा डॅन टिक्टम मोकळ्या रस्त्याने आला आणि जिंकला. हाब्सबुर्गने मोडकी गाडी फरफटत रेषेपलीकडे नेली. चौथा!

(दृश्य: लिस्बोआ वळण. कठड्यामागे छायाचित्रकारांचा कट्टा. आवाज बंद.)

२०१८. सतरा वर्षांची जर्मन सोफिया फ्लोर्श. लिस्बोआच्या अलीकडे तिची गाडी मुंबईच्या जेहान दारूवालाच्या गाडीला लागली आणि ताबा गेला. वेग ताशी २७६ किलोमीटर. उलटी निघालेली गाडी वळणावर हवेत उडाली, जाळीवरून पलीकडे या कट्ट्यावर आदळली. तिच्यासह पाच जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. तिच्या मणक्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया कित्येक तास चालली.

पुढच्या नोव्हेंबरात मकावच्या यादीत तिचं नाव पुन्हा होतं.